एका दमातला निर्णय

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे यवतमाळचा मुलूख; अलीकडे जैनथ, बेला या बाजूची कपाशीची काळी जमीन. या पट्ट्यात मराठी आणि तेलुगु या दोन्ही भाषा एकाच बाजारात, एकाच शाळेत आणि पुष्कळदा एकाच घरात नांदतात. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात मोडत असत. राज्यांची पुनर्रचना झाली, ते मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, आले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. पुढे २०१४ साली तेलंगण झाले. सरहद्दी अशा हलल्या, परंतु खळ्याच्या मोकळ्या जागेवर पायाने रेघ ओढून मुले जो खेळ खेळतात तो दोन्हीकडे एकच राहिला. मराठी घरातून आलेला मुलगा त्याला हुतूतू म्हणे, तेलुगु घरातला चेडुगुडु म्हणे. रेघेपलीकडे सात गडी, अलीकडून गेलेला एकटा, आणि त्या एकट्याजवळ भांडवल काय, तर छातीत भरून घेतलेला एक श्वास.

या खेळाचे कौतुक करताना आपण नेहमी अंगबळाचे आणि दमाचे कौतुक करतो. मांड्या कशा होत्या, पकड कशी लोखंडासारखी होती, दम कसा लांब होता, याच्या आठवणी म्हातारे खेळाडू रंगवून सांगतात. चढाई करणाऱ्याचे डोके त्या वेळी काय करीत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. खरे म्हणजे खेळाचा इतिहास पाहिला, तर तो बळाकडून निर्णयाकडे चालत आलेला दिसतो, आणि त्याला तिकडे ढकलीत नेण्याचे काम नियमांनी केले आहे.

जुन्या हुतूतूत नियम गावोगाव वेगळे होते. हा खेळ खेळण्याचे तीन प्रकार पुढे नावाने ओळखले गेले : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच बसावयाचा. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे. फक्त गुण मोजले जात. संजीवनीत मात्र समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन मैदानात परते. वरवर पाहता हे फरक किरकोळ वाटतात. पण अमरमध्ये समोर नेहमी सातच जण उभे, तर संजीवनीत चढाईगणिक संख्या बदलणार. आता पाच आहेत, मघाशी सहा होते, पुढच्या वेळी तीनच असतील. म्हणजे पलीकडे पाऊल टाकण्यापूर्वी माणसे मोजणे आले, आणि मोजलेल्या संख्येवरून बेत ठरविणे आले. आजच्या कबड्डीने संजीवनीचा मार्ग पत्करला, आणि चढाईपटूला पहिला विचार करावयास लावला तो या मोजणीने.

नियम कागदावर येण्यास विसाव्या शतकाची पहिली पंचविशी लागली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापून प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी तेथे अखिल भारतीय सामने भरले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांत हाही खेळ होता. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. सर्व प्रांतांना मिळून एक नाव हवे होते; ते कबड्डी ठरले, आणि चढाईत उच्चारावयाचा शब्दही तोच ठरला. हुतूतू आणि चेडुगुडु दोघांनीही आपापला शब्द मैदानाबाहेर ठेवला. पैनगंगाकाठच्या मुलांचे भाषेचे भांडण असे परस्पर मिटले म्हणावयाचे.

पुढे मैदान आखीव झाले. पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. कोणाला स्पर्श झाला नाही, तर निदानरेषा ओलांडल्यावाचून परतणारा बाद. समोर सहा किंवा अधिक गडी असतील, तर बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकण्यास एक गुण. समोर तिघे किंवा त्याहून कमी उरले असतील आणि त्यांनी चढाईपटूला धरले, तर त्यांना एक गुण जास्त. मराठी वृत्तपत्रे हिला अव्वल पकड म्हणतात. श्वास कितीही पुरो, चढाई ३० सेकंदांतच संपली पाहिजे. लागोपाठ दोन चढाया कोरड्या गेल्या, की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाही तर चढाईपटू बाद.

प्रत्येक नियम म्हणजे चढाईपटूला विचारलेला एक नवा प्रश्न होय. सहा जण आहेत : बोनसकडे जावे की स्पर्शाकडे? तीनच आहेत : त्यांना संपवून लोन चढवावा, की अव्वल पकडीच्या भयाने निदानरेषा ओलांडून परत यावे? डाव्या कोपऱ्यातला गडी टाचा उचलून उभा आहे, म्हणजे तो घोट्याला हात घालणार. त्याच्या शेजाऱ्याने त्याचा हात घट्ट धरला आहे की नुसता टेकविला आहे? मध्यरक्षक अर्धे पाऊल पुढे का सरकला? बळाने उत्तर द्यावयाचे ते नंतर. आधी डोळ्याने वाचावयाचे. आणि वाचन चालू असताना तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच राहिले पाहिजे. एका हाताने लिहीत असताना दुसऱ्या हाताने पाणी शेंदण्यासारखे हे काम आहे.

परदेशातील एका खेळात हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहिलेला दिसतो. उत्तर अमेरिकेत लांबट चेंडू हातात घेऊन जे फुटबॉल खेळतात, त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. चेंडू त्याच्या हाती येतो. समोरची फळी त्याला लोळविण्यासाठी धावून येते. त्याला दोनतीन सेकंदांत आपल्या धावणाऱ्या साथीदारांपैकी कोणाकडे चेंडू फेकावा हे ठरवावे लागते. कॅनडात तर हे अधिकच कठीण. तिकडे प्रत्येक संघात १२ गडी, मैदान अमेरिकेपेक्षा लांब आणि रुंद, आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चारऐवजी तीनच संधी. त्यांचे शिक्षक क्वार्टरबॅकला आधी शेवटच्या रांगेतले रक्षक पाहावयास शिकवितात : मागे एक उभा आहे की दोन? त्यावरून कोणती बाजू मोकळी पडेल याचा अदमास बांधावयाचा. मग ठरलेल्या क्रमाने पहिला साथीदार, तो अडला तर दुसरा, तो अडला तर तिसरा. सामन्यांच्या फिती दाखवितात, चेंडू सुटण्याच्या क्षणी फीत थांबवितात, आणि विचारतात : आता काय?

या पद्धतीतली गंमत अशी की शिक्षकाला शिष्यावर पुरता विश्वास ठेवणे जड जाते. पॉल ब्राउन हे अमेरिकेतील नामांकित प्रशिक्षक. खेळाडूंना वर्गात बसवून फिती दाखविण्याची आणि लेखी परीक्षा घेण्याची रीत त्यांनीच पक्की केली. पण प्रत्येक चाल आपणच ठरवावी असा त्यांचा हट्ट. त्यासाठी ते एकेका गड्याला निरोप्या करून आत धाडीत. १९५६ साली तर त्यांनी क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसविला. त्याच हंगामात त्या यंत्रावर बंदी आली. पण १९९४ साली त्यांच्या व्यावसायिक लीगने अशा यंत्राला रीतसर परवानगी दिली. आज तेथे चाल बाहेरून कानात येते आणि क्वार्टरबॅककडे उरतो तो शेवटच्या दोनतीन सेकंदांचा निर्णय.

कबड्डीचा कायदा याच्या अगदी उलट आहे, आणि या खेळाच्या जाणकारांनीही त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. चढाई चालू असताना आपल्या बाजूच्या गड्याने चढाईपटूला सावध केले किंवा सूचना दिली, तर प्रतिपक्षाला एक गुण मिळतो. मध्यरेषा ओलांडलेला गडी नियमानेच एकटा. साधे ‘मागे बघ’ म्हणण्यासही दंड आहे. तेव्हा मार्गदर्शकाने जे शिकवावयाचे ते रेघेच्या अलीकडे संपले पाहिजे. व्यायामशाळांतून जोर, बैठका आणि मल्लखांब यांनी शरीर तयार होई, हे खरे. परंतु शरीर तयार झाल्याने डोळा तयार होत नाही.

डोळा तयार करण्याची रीत सावकाशीची आहे. आधी दम न घालता, चालत चालत चढाई करावयाची आणि जे दिसले ते मोठ्याने सांगावयाचे : साखळी कोठे आहे, मोकळा हात कोणाचा, वजन कोणत्या पायावर. आधी दोनच रक्षक समोर, मग चौघे, मग सात. पुढे मार्गदर्शक चढाईपटूच्या पाठीमागून रक्षकांना खुणेने पकड सांगतो : घोटा, मांडी की कंबर. चढाईपटूला खूण दिसत नाही. रक्षकांच्या अंगात होणारा बदल मात्र दिसतो, आणि तोच त्याने ओळखावयाचा. सर्वांत शेवटी त्यात दम घालावयाचा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो, आणि मुलगा वर्षानुवर्षे एकाच अंगाने आत शिरून एकाच अंगाने धरला जातो. त्याची निर्भत्सना होते ती मात्र ताकद कमी पडल्याची.

हा क्रम शिकण्याची गरज आपल्याला दुसऱ्यांनी दाखवून दिली. १९९० साली बीजिंग येथे कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धेत प्रथम पदकासाठी खेळली गेली, आणि तेथून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताकडे आले. स्त्रियांची कबड्डी २०१० साली आली. तीही दोन्ही वेळा आपणच जिंकली. मग २०१८ चे जाकार्ता उजाडले. पुरुषांच्या संघाला गटात दक्षिण कोरियाने एका गुणाने हरविले आणि उपांत्य सामन्यात इराणने २७–१८ असे. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, स्त्रियांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असे नमविले. इराणच्या त्या संघाच्या मार्गदर्शक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मराठी मुलुखात वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकविलेल्या या बाई तेथे गेल्या, फारसी शिकल्या, आणि मुलींच्या रोजच्या सरावात योगासनांबरोबर प्राणायाम आणला. श्वास शांत असेल तरच डोळा शांत राहतो, हे हुतूतूच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. बडोद्यात छापलेली विद्या तेहरानपर्यंत पोहोचली ती एका शिक्षिकेच्या हातून. हार बोचली, ती आपलीच विद्या समोर उभी राहिली म्हणून. एरवी अशी हार विसरली जाते.

पुढची आशियाई स्पर्धा हांगझो येथे २०२३ साली झाली. ७ ऑक्टोबर रोजी पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८–२८ अशा बरोबरीत होते. सामना संपत आला होता. भारताची तिसरी चढाई, म्हणजे गुण आणणे भाग. पवन सेहरावत आत गेला. कोणाला स्पर्श होण्यापूर्वीच तो मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात उतरला, आणि त्याला धरण्यासाठी इराणचे चौघे त्याच्या मागोमाग तेथे आले. जुन्या नियमाने एक उत्तर, नव्या नियमाने दुसरे. पंच एकदा एका बाजूने बोलले, एकदा दुसऱ्या. खेळाडू मैदानात बसून राहिले. चढाईला मिळतात ३० सेकंद. तिच्या निर्णयाला लागला जवळजवळ एक तास. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला.

त्याच महिन्यात मुंबईच्या लिलावात तेलुगू टायटन्स या संघाने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले. आदिलाबादच्या सीमेवरील घरांतून त्या हंगामाचे सामने मराठी आणि तेलुगु मुलांनी एकत्र पाहिले असतील. खळ्यावर आजही रेघ पायानेच ओढली जाते, आणि पलीकडे गेलेल्या मुलाला अलीकडच्यांनी ओरडून सांगितलेले कायद्यात बसत नाही, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.