रंगरूट हवेत: बारामती ते इंदापूर, १९१८

साल १९१८, जुलै महिना. धोंडला मोठ्या गाडीतून उतरून तुम्ही बारामतीच्या छोट्या गाडीत बसला आहात. हा अरुंद रूळ टाकून चारच वर्षं झाली आहेत. खिडकीतून कोळशाची कणी डोळ्यांत जाते, बाकाखाली कुणाच्या तरी गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या आहेत. समोर खाकी कपड्यातला एक हवालदार बसलाय आणि तो साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतोय. महिन्याला अकरा रुपये रोख, वर जेवण, कपडा, बूट. घरी मनिऑर्डर. गावात कोण हात लावेल मग? हा माणूस रजेवर घरी चाललेला नाही. बोलणं हीच सध्या त्याची चाकरी आहे.

बारामतीत उतरून बाजाराकडे चला. पावसाने दडी मारली आहे आणि कापड, मीठ, रॉकेल, सगळ्याचे भाव लढाईने चढवलेत. नीरा डावा कालवा येऊन तीसेक वर्षं झाली. ज्याच्या शेतात त्याचं पाणी पोचतं त्याचा ऊस उभा आहे, त्याला रेल्वेत भेटलेल्या हवालदाराची फारशी गरज नाही. पण बाजारात उभी असलेली बहुतेक माणसं जिरायतीची आहेत. त्यांचे डोळे आभाळाकडे आणि साहुकाराच्या दुकानाकडे, आळीपाळीने. इथून जवळच्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी साहुकारांची घरं-दुकानं फोडली, कर्जाची खतं जाळली. त्या जाळात उभी राहिलेली काही माणसं आज म्हातारी होऊन या बाजारात बसली असतील. खतं जळाली, कर्ज काही जळलं नाही. हवालदाराला हे पक्कं माहीत आहे, म्हणून तो बादशहाचं नाव एकदाच घेतो आणि अकरा रुपये दहादा.

दवंडी वाजते. मामलेदार साहेब बोलणार आहेत. गर्दीत घुसा आणि नीट ऐका, कारण हे भाषण चांगलं आहे. ते म्हणतात, विलायतेत १९१६ पासून कायद्याने तरुणांना पलटणीत घातलं जातंय. इथल्या गोऱ्यांनाही गेल्या साली हिंदी संरक्षण दलाच्या कायद्याने सक्ती झाली. तुमच्यावर मात्र सरकारने सक्ती केलेली नाही, तुमच्या मर्दुमकीवर सोडलंय. भीमथडीची तट्टं कुठवर दौडली हे तुम्हाला मी सांगायचं का? इंदापुरात मालोजीराजांची गढी कुणाची? ज्यांच्या आज्यांनी अटक पाहिली, त्यांची पोरं घरात चुलीपुढे बसणार का?

तुमच्या शेजारचा पोरगा, ओठांवर नुकती लव फुटलेला, ताठ उभा राहिलाय. तुमचाही ऊर भरून आला असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. सक्ती नाही असं सांगून माणसाला इतकं बांधता येतं, हे त्या भाषणाचं बळ आहे. कायद्यातून पळून जाता येतं. आज्याच्या नावातून पळून कुठे जाणार?

आणि सक्ती नाही, हेही पुरतं खरं नाही. सरकारने या वर्षात हिंदुस्थानातून पाच लाख लढवय्ये मागितलेत. ती मागणी प्रांतावरून जिल्ह्यावर, जिल्ह्यावरून तालुक्यावर उतरत आली आहे. जवळच एक पाटील खालच्या आवाजात कुळकर्ण्याला म्हणतोय, "आपल्या गावाचं दोनच झालं. साहेबाला काय तोंड दावू?" शेतसारा ज्याच्या हातून भरायचा, तगाई ज्याच्या शब्दावर मिळायची, तो पाटील दारात येऊन "पोराला धाड" म्हणाला तर त्याला काय म्हणायचं?

तेवढ्यात एक बाई हवालदाराच्या पुढे येते. हातात घड्या पडून पडून फाटायला आलेलं कार्ड. "दादा, माझा ल्योक बसऱ्याला गेल्ता. कुताला व्हता म्हनं. तुमाला ठावं असंल." हवालदार कार्ड घेतो, उलटं-सुलटं करतो. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या कूतला शरण गेलेली फौज सहावी डिव्हिजन होती, नावच तिचं पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पाच महिने वेढ्यात उपासमार आणि मग तुर्कांच्या कैदेत वाळवंटातली पायपीट. किती जण वाटेतच पडले. मामलेदारांच्या भाषणात कूत नव्हतं. कुठल्याच जाहिरातीत ते नसतं. हवालदार कार्ड परत देतो आणि म्हणतो, "येईल आक्का, कागद येईल." तो खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच ठाऊक नाही, आणि त्याला ते कुणी कळवणारही नाही.

आता इंदापूर. बैलगाडीला लांबचा पल्ला आहे, रात्र वाटेत काढा. पोचाल तेव्हा पारावर कुणीतरी 'केसरी' मोठ्याने वाचत असेल आणि भोवती वीस-पंचवीस माणसं बसलेली असतील. इथे भरतीची दुसरी हाक ऐकू येते आणि ती सरकारची नाही. टिळक गेल्या सालापासून सांगत आहेत की पलटणीत जा. स्वराज्य हवं तर ते राखण्याची ताकद हवी. आपलं वय आड येतं, नाहीतर आपण स्वतः नाव नोंदवलं असतं, असंही ते बोलले आहेत. पण त्यांचा सौदा उघड आहे: माणसं घ्या, हक्क द्या, हिंदी माणसाला अधिकाऱ्याची सनद द्या. १० जूनला मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हेच मांडायला उठले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच थांबवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. याच दिवसांत तिकडे खेडा जिल्ह्यात गांधी गावोगाव पायी फिरून भरतीसाठी माणसं मागत आहेत, आणि काल सत्याग्रहात घरं उघडी करणारे शेतकरी आज त्यांना गाडीसुद्धा देत नाहीत. सनदांचं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर हे पैसे बुडाले समजा, असं म्हणून टिळक गांधींना पन्नास हजारांचा चेक पाठवणार आहेत. गांधी तो परत करतील. ज्या टिळकांना भरती हवी होती, त्यांनाच सरकार पुढे परवानगीशिवाय भाषण करायला बंदी घालेल. सरकारला शिपाई हवे होते, अट घालणारे शिपाई नको होते.

पारापासून अंतर राखून काही माणसं उभी आहेत. तीही ऐकत आहेत. ती महारवाड्यातली. त्यांच्यापुढे जाऊन उभे राहा, कारण तिसरी हाक इथे आहे आणि मला ती सगळ्यात खरी वाटते. या माणसांच्या आज्यांनी कंपनीच्या पलटणींत नोकऱ्या केल्या. पुढे लढाऊ जातींचं खूळ निघालं आणि १८९०च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून विलायतेपर्यंत अर्ज धाडला. दाद लागली नाही. मेसोपोटेमियात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ साली, १११वी महार पलटण उभी राहिली. इतरांना आज्याच्या पराक्रमाची आठवण देऊन बोलावतात. यांना स्वतःच आपल्या आज्यांचे दाखले घेऊन दारात उभं राहावं लागलं. त्यातला एक तरुण तुम्हाला सांगतो, "पलटणीत सायेब हात धरून बंदूक शिकवतोय म्हनं." बंदुकीपेक्षा त्याचं लक्ष हात धरण्याकडे आहे.

भरतीच्या टेबलाशी थांबा. कारकून विचारतो आणि लिहितो: नाव, बापाचं नाव, जात, गाव, तालुका. उंची मोजली जाते, छातीवर फीत लागते, अंगावरची खूण नोंदली जाते: डाव्या भुवईवर व्रण, उजव्या कोपरावर तीळ. शाईत अंगठा बुडतो. बाजारातला तो ताठ उभा राहिलेला पोरगा आता इथे आहे, फीत लावताना श्वास कोंडून छाती फुगवतोय. सरकारदरबारी त्याच्याबद्दल इतकं बारकाईने याआधी कुणी लिहिलेलं नाही.

इथून काळ थोडा पुढे घ्या. १९१९ साली रौलट कायदा आला. १९२१ मध्ये महार पलटण मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल आणि दुसरं महायुद्ध लागलं. गावोगाव संगमरवरी पाट्या बसल्या, या गावातून इतके लढाईला गेले, इतके मेले, एवढाच मजकूर. १९२९ मध्ये बसऱ्याचं स्मारक खुलं झालं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. नावं हरवली होती म्हणून नव्हे. ती टेबलावर लिहून घेतलेलीच होती. दगडावर कोरायची गरज कुणाला वाटली नाही. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल मंडळाने २०२१ साली हा भेदभाव अहवालात मान्य केला आणि माफी मागितली. बारामती-इंदापुरात ज्यांच्या घरी पणजोबाचं पदक किंवा पेन्शनचा कागद ट्रंकेत पडून आहे, त्यांनी त्यावरचा पलटणीचा आकडा आणि शिपायाचा नंबर आता तरी उतरवून काढावा. त्या मंडळाकडे नाव शोधताना तोच दाखला उपयोगी पडतो.