संदर्भोल्लेखांच्या तराजूत महाडचे संशोधन

वैद्यकीय संशोधकाची योग्यता ठरविताना आज दोन आकडे प्रथम विचारले जातात. त्याचे शोधनिबंध किती प्रसिद्ध झाले आणि इतर संशोधकांनी त्यांचे संदर्भोल्लेख, म्हणजेच ‘सायटेशन’, किती वेळा केले. नेमणूक, बढती, अनुदान आणि पुरस्कार या सर्व ठिकाणी या आकड्यांना वजन आले आहे. हे आकडे नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे समजून घेण्यासाठी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनाइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

मुळशी तालुक्यातील घोटावडे परिसरातून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे महाडला जाता येते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या या पट्ट्यात दगडी बांध, भाताची खाचरे आणि गवताच्या गंजी यांत वावरणाऱ्या शेतकऱ्याला विंचूदंशाचे भय नवे नाही. त्यातही लाल विंचवाचा दंश जिवावर बेतू शकतो.

मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. बावस्कर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण काही तासांत दगावताना त्यांनी पाहिले. अशा रुग्णांच्या खाटेजवळ बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. त्यांच्या पुढील सर्व संशोधनाचा पाया या नोंदी होत.

तीन निबंध, एक सलग विचार

त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर परिणाम होणार असल्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यात मांडली होती. उलट्या, भरपूर घाम, लाळ सुटणे, हातपाय गार पडणे ही ती लक्षणे होत. विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या उघड्या राहतात, शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावरील ताण वाढतो आणि अखेर फुप्फुसात पाणी साठते.

दुसरा टप्पा १९८६ चा. उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी ‘प्राझोसिन’ ही गोळी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. हीच गोळी विंचूदंशाच्या रुग्णाला उपयोगी पडते, हे त्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. डॉ. बावस्कर यांनी आपल्या लेखांत नोंदविल्यानुसार, १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातील विंचूदंशाच्या रुग्णांत फुप्फुसात पाणी साठून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यावर, १९८४ पासून पुढे, ते एक टक्क्याच्या खाली आले.

तिसरा निबंध २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. सहलेखिका होत्या त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. महाडच्या आपल्या रुग्णालयात त्यांनी ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन समान गट पाडले. एका गटाला केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्याला प्राझोसिनसह विंचवाच्या विषावरील प्रतिविष देण्यात आले. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९१.४ टक्के, तर पहिल्या गटात २२.९ टक्के होते. ज्या औषधाने त्यांना नाव मिळवून दिले, ते एकट्याने पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतःच कसोटी लावून दाखविले. निबंधांची नुसती संख्या मोजणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते. २०२२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

मोजपट्ट्या कशा आल्या?

संदर्भोल्लेखांची सूची करण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. तिच्यातून १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ अवतरली. एखाद्या शोधाचा धागा पुढे कोणी नेला, हे हुडकण्यासाठी ती होती. माणसांना गुण देणे हा तिचा मूळ हेतू नव्हता.

पुढे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला. एखाद्या नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील मजकुराचे चालू वर्षी झालेले उल्लेख भागिले त्या दोन वर्षांतील निबंधांची संख्या, असे त्याचे सूत्र आहे. हा आकडा नियतकालिकाचा आहे, लेखकाचा नव्हे. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-इंडेक्स’ सुचविला. एखाद्या डॉक्टरचे चाळीस निबंध असतील आणि त्यांपैकी बारा निबंधांना प्रत्येकी किमान बारा उल्लेख मिळाले असतील, तेरा निबंधांना मात्र प्रत्येकी तेरा नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स बारा होतो. हा आकडा कधी घटत नाही; त्यामुळे वयाने ज्येष्ठ असलेल्यांना तो अनुकूल ठरतो.

आकड्यांच्या मर्यादा

हृदयरोग किंवा कर्करोगावर जगभर हजारो संशोधक लिहितात, त्यामुळे त्या विषयांत उल्लेखही हजारोंनी होतात. विंचूदंश हा प्रामुख्याने उष्ण प्रदेशांतील ग्रामीण गरिबांचा आजार. त्यावर लिहिणारे थोडे, म्हणून उल्लेख करणारेही थोडे. दोन विषयांतील आकड्यांची सरळ तुलना केल्यास गरिबांच्या आजारावर काम करणारा संशोधक कागदावर नेहमीच लहान दिसणार.

दुसरी मर्यादा याहून मूलभूत आहे. आरोग्य केंद्रातील डॉक्टर रात्री दोन वाजता रुग्णाला प्राझोसिनची गोळी देतो आणि रुग्ण वाचतो, तेव्हा तो डॉक्टर निबंध लिहीत नाही. त्या उपयोगाची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही.

तांत्रिक अडचणीही आहेत. लाल विंचवाचे शास्त्रीय नाव जुन्या निबंधांत ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ असे आढळते, तर आता ‘हॉटेंटोटा टॅम्युलस’ हे नाव वापरले जाते. एकाच नावाने शोध घेणाऱ्याला अर्धेच साहित्य सापडते. ‘पबमेड’, ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ यांची व्याप्ती वेगवेगळी असल्याने एकाच संशोधकाचे आकडे तिन्ही ठिकाणी वेगळे निघतात. आडनाव व आद्याक्षरे सारखी असणाऱ्यांच्या नोंदी एकमेकांत मिसळतात. त्यावर उपाय म्हणून २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक दिला जातो.

आकड्यांचा मोह

बढतीसाठी शोधनिबंधांची अट आली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक माजले. पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असल्याचे त्यात आढळले.

दुसऱ्या टोकाला सामसूम आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. समीरन नंदी व सहकाऱ्यांच्या पाहणीत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या काळातील निबंधांची मोजदाद झाली. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या, म्हणजे ५७ टक्क्यांहून अधिक संस्थांच्या नावावर एकही निबंध नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था केवळ २५ होत्या. या पार्श्वभूमीवर, पाठीशी विद्यापीठ नसताना महाडसारख्या तालुक्याच्या गावातून जागतिक कीर्तीच्या नियतकालिकांपर्यंत पोहोचणे किती दुर्मीळ आहे, हे ध्यानात यावे.

संशोधकाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे आवाहन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने केले. निबंधात काय म्हटले आहे ते वाचावे, हा त्याचा आशय. एखाद्या संशोधकाची सूची हाती आल्यास काही प्रश्न विचारणे म्हणूनच उपयुक्त ठरते. निबंध एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करतात की विखुरलेले आहेत? उल्लेख इतरांनी केले की लेखकाने स्वतःच? उल्लेख समर्थनासाठी आहे की खंडनासाठी? आणि सर्वांत शेवटी, त्या निबंधामुळे रुग्णाच्या खाटेजवळ काही बदलले काय? बावस्कर यांच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मृत्यूच्या घटलेल्या प्रमाणात मिळते. ते कोणत्याही निर्देशांकात मावत नाही.