बंगळूरचा दगडी खांब

बागेला कुंपण घालावयाचे ठरले म्हणजे माळी प्रथम खांबाचा विचार करतो आणि मग हत्यारांचा. लाकडी मेख असेल तर तिचे टोक तासून ती मोगरीने ठोकता येते. लोखंडी खांब घणाच्या घावांनी मऊ जमिनीत उतरतो. बंगळूरच्या माळ्याला मात्र या दोन्ही वाटा फारशा उपयोगी पडल्या नाहीत, कारण त्या मुलखात कुंपणाचा खांब रूढ झाला तो दगडाचा.

कुंपण हे बंगळुरास नवे नव्हते. १७९१ च्या मार्च महिन्यात कॉर्नवॉलिसची फौज या शहरावर चालून गेली, तेव्हा पेठेभोवती खंदकाच्या जोडीला काटेरी झाडांचे दाट कुंपण होते. पुढे १८०० साली फ्रान्सिस बुकानन येथे आला आणि टिपूच्या बागांचे वर्णन त्याने लिहून ठेवले : चौकोनी वाफे, त्यांच्यामधून सरूच्या झाडांनी सजलेल्या वाटा, एका वाफ्यात केवळ गुलाब तर दुसऱ्यात केवळ डाळिंबे. झाडांच्या कुंपणाला एक कोयता पुरतो. परंतु ते वाढावयास वर्षे लागतात आणि बागेची जमीन व पाणी ते खाते ते निराळेच. १८७४ साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचे पेटंट मिळविले. तार आली म्हणजे तिचा ताण सोसणारा खांब हवा. लाकडाला वाळवी, लोखंडाला गंज. दगडाला मात्र यांपैकी कशाचेच भय नाही, आणि बंगळुरात दगडाला तोटाही नव्हता.

लालबागेत केंपेगौडाचा मनोरा ज्या खडकावर उभा आहे तो सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. भूशास्त्रज्ञ त्याला पट्टिताश्म म्हणतात, व्यवहारात सारे ग्रॅनाइटच. इतक्या कठीण खडकातून सडपातळ खांब काढावयाचा कसा? तेथील पाथरवटांनी त्यासाठी निवडलेले पहिले हत्यार लोखंडाचे नव्हतेच. ते होते विस्तव.

या कामाचा वृत्तांत वार्थ यांनी १८९५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हलक्या, वाळलेल्या लाकडांची सात फूट लांबीची ओळ उघड्या खडकावर पेटवीत आणि ती हळूहळू पुढे सरकवीत. वरचा थर तापून प्रसरण पावू पाहतो, खालचा थंड थर त्याला साथ देत नाही, आणि पृष्ठभागाला समांतर अशी चीर आत धावत जाते. ती कोठवर पोहोचली हे डोळ्यांना दिसत नाही. विस्तवाच्या पुढे हातोड्याचा ठोका मारावयाचा आणि आवाजावरून ओळखावयाचे. कानाचा अंदाज चुकला तर लाकूडही वाया आणि दगडही. वार्थ यांनी पाहिलेल्या कामात विस्तव आठ तास चालला, ताशी जवळजवळ सहा फूट वेगाने पुढे गेला, आणि ७४० चौरस फुटांची, सरासरी पाच इंच जाडीची फरशी अखंड सुटली. लाकूड लागले ते अवघे पंधरा हंड्रेडवेट. एका रत्तल लाकडात तीस रत्तल दगड, हा त्यांचा हिशेब! मग बोथट छिन्न्यांनी या फरशीच्या पट्ट्या पाडीत.

घणाचे काम खाणीशी संपते. सात फूट लांब, सहा इंच रुंद व चार इंच जाड असा खांब भरतो सुमारे ८५ किलो. तो डोक्यावर घाव घालून जमिनीत उतरवू पाहिले तर खांबच दुभंगेल. म्हणून तो पुरावाच लागतो, आणि तेथे पहार ही मुख्य. कन्नडमध्ये तिला हारे म्हणतात, कुदळीला गुद्दली. दोन्ही शब्द मराठी कानाला परके वाटू नयेत. फावड्याने खड्डा रुंद होतो आणि भोवतालची घट्ट बसलेली माती उगाच हलते. पहारेने तो अरुंद व सरळ खाली जातो; सुटलेली माती हाताने किंवा करवंटीने उपसता येते. बंगळूरची तांबडी माती उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतून ते रात्रभर मुरू देणे बरे. पावसाळा सरताना हेच काम निम्म्या कष्टात होते. दख्खनच्या काळ्या जमिनीचे दुखणे याहून वेगळे : ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पुरलेला खांब कलता करते.

दोन फूट खोल खड्ड्यात खांब उभा केला की ओळंबा लावून तो दोन्ही बाजूंनी पाहतात, रांगेसाठी दोरी ताणतात, आणि दगडगोटे व माती थराथराने भरीत पहारेच्या बोथट टोकाने ठासतात. बहुतेक खांब कलतात ते या ठासणीत घाई केल्याने. कोपऱ्यावरच्या खांबावर तारेचा सारा ताण येतो, म्हणून त्याला आतून तिरका दगडी टेकू.

अलीकडे इंजिनावर फिरणारे गिरमिट काही मिनिटांत गोल, नेटका खड्डा पाडते. खांबांची लांबच लांब रांग घालावयाची असेल तर ते निःसंशय सरस. पण बंगळूरच्या जमिनीत हातभर खाली खडक कोठे भेटेल याचा नेम नसतो. तेथे यंत्र अडते आणि पहार पुन्हा हाती घ्यावी लागते. आगीने फरशी सोडविण्याची जागा यंत्रांनी घेतली, कुंपणांसाठी काँक्रीटचे खांब आले. जुन्या बागा मोडून घरे उभी राहिली. तेथले दगडी खांब मात्र पहारेने उपटून दुसऱ्या कुंपणात पुरता येतात. त्यांच्या अंगावर छिन्नीच्या खुणा तशाच असतात.