वत्सगुल्म आणि अधरराग

गेल्या पौष महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्याहून वाशिमास आली, तेव्हां तिच्या पिशवींतून एक बोटभर लांबीची नळी निघाली. थंडीनें ओठ उलूं नयेत म्हणून लावावयाचें तें मेणासारखें मलम होतें. परंतु त्यांत थोड्या गुलाबी रंगाची मिसळ होती, आणि तो रंग असा कीं, लावला आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येऊं नये. मुलीनें तो लावून पाहिला व "काका, सांगा बरं, कांहीं लावलं आहे असं वाटतं का?" असा आम्हांस प्रश्न केला. आमच्या मातोश्री जवळच गहूं निवडीत बसल्या होत्या. ऐशी वर्षें उलटलेल्या त्या माउलीनें मान वर न करितांच निकाल दिला, "लावायचं तर दिसेल असं लावावं, नाहीं तर लावूंच नये. आपल्याकडे हें नव्हतं बाई!"

"आपल्याकडे हें नव्हतें" हें वाक्य कानीं पडलें म्हणजे इतिहासाच्या शिक्षकास स्वस्थ बसवत नाहीं. त्यांतून ज्या गांवीं बसून तें उच्चारलें गेलें तें गांवहि सामान्य नव्हे. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा निघाला. इंग्रजी अमदानींतहि तो बासीम या नांवानें होता व १९०५ सालीं मोडला गेला. पण या सर्व घडामोडी कालपरवांच्या होत. सुमारें सोळाशें वर्षांपूर्वी हेंच गांव वत्सगुल्म या नांवानें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. १९३९ सालीं येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. त्या राजाच्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षीं तो वत्सगुल्म येथून दिलेला असून, त्यांतील वंशावळ संस्कृतांत व दानाचा तपशील प्राकृतांत आहे. या ताम्रपटानें तोंपर्यंत अंधारांत असलेली एक सबंध राजशाखा उजेडांत आणली. तिचा मूळपुरुष सर्वसेन हा स्वतः कवि होता. त्याच्या 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा उल्लेख आनंदवर्धनासारख्या साक्षेपी पंडितानें केला आहे. स्थलमाहात्म्यांत वत्स ऋषींच्या तपश्चर्येस्तव देवांचा समुदाय येथें जमला म्हणून हें नांव पडलें असें सांगितलें आहे. दुसरी व्युत्पत्ति वत्स व गुल्म या दोन राजपुत्रांवरून दिली जाते, आणि ती ज्या ग्रंथाच्या टीकेंत आहे त्या ग्रंथाकडेच आम्हांस आतां वळावयाचें आहे.

तो ग्रंथ वात्स्यायनाचा 'कामसूत्र' होय. त्याचें नांव कुटुंबांत मोठ्यानें घेण्याची पद्धत नाहीं, आणि त्यांत वात्सगुल्मकांचा जो उल्लेख आहे तो राजवाड्यांतील अशा एका चालीविषयीं आहे कीं, तो येथें उतरून घेण्याचें कारण नाहीं. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या अधिकरणांत सुखवस्तु नागरकाची दिनचर्या दिली आहे, ती एखाद्या शाळकरी मुलासहि निर्धास्तपणें वाचावयास द्यावी. रोज स्नान, एक दिवसाआड उटणें, तिसऱ्या दिवशीं फेस येणारें द्रव्य अंगास लावणें, चौथ्या दिवशीं श्मश्रु. सकाळीं उठून दांत घासावे, बेताचें चंदन लावावें, धूप घ्यावा, माळ घालावी. मग ओठांस 'सिक्थक' व 'अलक्तक' लावून आरशांत मुख पाहावें, विडा घ्यावा आणि कामास लागावें.

सिक्थक म्हणजे मेण. अलक्तक म्हणजे लाखेचा रंग. आपल्या घरांत पायांस लावावयाचा जो अळता, तो हाच शब्द झिजून झालेला आहे. ओठ मऊ ठेवणारें मेण आणि त्यांस लाली देणारा रंग, अशी ही जोडी. पुतणीच्या नळींत याहून वेगळें काय आहे? आणि वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ही दिनचर्या स्त्रीची नाहीं. ती पुरुषाची आहे.

एवढें ऐकतांच मुलीनें आम्हांस पेंचांत धरलें. "शास्त्र पुरुषालाच सांगितलं आहे ना, काका? मग तुम्हीच बसा."

प्रयोग करून पाहावयाचा असें ठरलें. काष्ठौषधींच्या दुकानांतून लाखेचे खडे आणले. आमच्या जिल्ह्यांत पळस उदंड असला, तरी लाखेचें उत्पन्न मुख्यतः पूर्व विदर्भांत, गोंदियाच्या बाजूस. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर बारीक किडे आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखें कवच करितात, तीच लाख. ती कुटून पाण्यांत भिजविली कीं तांबडा रंग पाण्यांत उतरतो व राळ मागें राहते. मुलीनें त्यांत चिमूटभर पापडखार टाकतांच रंग जांभळटाकडे झुकला. लिंबाचे दोन थेंब पिळले तों नारिंगी छटेवर आला. मेणाची अडचण होती. तेव्हां मातोश्री कांहीं न बोलतां उठल्या आणि देव्हाऱ्याखालच्या खणांतून त्यांनीं आपला जुना पितळी करंडा काढून आणला. त्यांतील एका पुडांत सुकून तडे गेलेलें मेण अजून होतें. आमचे तीर्थरूप गेल्यापासून तो करंडा उघडला गेला नव्हता.

आमच्या पहिल्या प्रयत्नाचा फज्जा उडाला. आम्हीं मेण तिळाच्या तेलांत पातळ करून त्यांत लाखेचें पाणी ओतलें. तें मिसळेना, कमळाच्या पानावरील थेंबांप्रमाणें रंगाचे मणी मेणावर फिरूं लागले. तेव्हां यशोधराची आठवण झाली. 'जयमंगला' या टीकेचा हा तेराव्या शतकांतील कर्ता. मूळ सूत्रांत मेण अगोदर व अळता नंतर असा क्रम आहे. टीकाकार मात्र क्रम फिरवितो: किंचित् ओलसर अशा अळत्याच्या गोळ्यानें आधीं ओठ घासावे, मग विडा खावा आणि शेवटीं मेणाची गोळी वरून टेंकावी. ही टीकाकाराची शब्दच्छलाची हौस आहे, असें आम्हीं विद्यार्थिदशेंत समासांत लिहून ठेविलें होतें. तीस वर्षांनीं तें खोडावें लागलें. रंग पाण्यांत विरघळणारा, मेण पाण्यास दूर सारणारें. मेण आधीं लावलें तर ओठांस रंग धरणारच नाहीं. यशोधरानें हें पाहिलें तरी असलें पाहिजे किंवा स्वतः केलें तरी असलें पाहिजे. हल्लींच्या नळ्यांत तेलांत मिसळणारे रंग किंवा अतिसूक्ष्म केलेली पूड घालतात, म्हणून दोन्ही कामें एका हातानें होतात, इतकाच काय तो फरक.

क्रम सुधारल्यावर रंग असा बसला कीं, दुसऱ्या दिवशीं सकाळींहि निघेना, आणि आम्हांस तसेंच महाविद्यालयांत जावें लागलें. सहकाऱ्यांनीं तो विड्याचा समजला. आम्हींहि कोणाचा गैरसमज दूर केला नाहीं.

हाच विषय कालिदासानें किती हलक्या हातानें हाताळला आहे, तें पाहावें. 'कुमारसंभवा'च्या पांचव्या सर्गांत पार्वती तपास बसते तेव्हां तिनें ओठांचा राग टाकल्याचें कवि सांगतो. सातव्यांत तिला नवरी म्हणून सजवितात, तेव्हां तिच्या अधराची लाली 'मधूच्छिष्टा'नें, म्हणजे मेणानें, किंचित् उजळलेली आहे. त्या श्लोकांत 'किंचित्' हा शब्द आहे. आमच्या मतें सारें रहस्य त्यांतच आहे. सख्यांनीं नवा रंग चढविला नाहीं. होता तोच राखला. कालिदास वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेच्या दरबारीं कांहीं काळ राहिला व त्याचें रामगिरि म्हणजे रामटेक, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचें मत होतें. तें सर्वांस मान्य नसलें, तरी विदर्भाच्या हवेंत या श्लोकाचा वास लागत नाहीं असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

येथें कोणी अजिंठ्याकडे बोट दाखवील. वत्सगुल्माचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें सोळावें लेणें करविलें. सतरावें त्याच्याच एका मांडलिकानें. त्या सतराव्या लेण्यांत हातांत आरसा घेतलेली प्रसाधनमग्न स्त्री आहे, आणि ती पाहून ज्याचें पाऊल थबकत नाहीं असा प्रवासी विरळा. परंतु चित्रांतील ओठ लाल आहेत म्हणून त्या स्त्रिया ओठ रंगवीत होत्या असें अनुमान काढणें हें घाईचें होईल. चित्रकाराचा तांबडा रंग गेरूचा, लाखेचा नव्हे. आणि ओठ लाल काढणें ही चित्राची रीत आहे, ती व्यक्तीची चाल असेलच असें नाहीं. पुरावा ग्रंथांतला आहे तेवढाच घ्यावा.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येतों. पुष्कळ वर्षें झालीं. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांत एक विद्यार्थिनी निबंध वाचणार होती. ती व्यासपीठाकडे येतांना तिच्या ओठांस रंग असल्याचें आम्हांस दिसलें. तो फार नव्हता. आम्हीं तिला जिन्यावर थांबवून, चारचौघांच्या देखत, "हें विदर्भकन्येस शोभत नाहीं, तोंड धुऊन या," असें सांगितलें. ती गेली ती परत आली नाहीं. निबंध दुसऱ्या कोणी वाचला. त्या वेळीं आम्हीं शिस्त राखली असें आम्हांस वाटलें, आणि दोघां-तिघां वडील सहकाऱ्यांनीं आमची पाठहि थोपटली.

ज्या विदर्भकन्येच्या नांवानें आम्हीं तो निवाडा दिला, ती साहित्यांत खरोखरच आहे, आणि ती वाशिमाहूनच येते. इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखरानें 'कर्पूरमंजरी' हें सट्टक सर्वस्वीं प्राकृतांत लिहिलें. त्यांत विदूषक राजास सांगतो कीं, दक्षिणापथांत वच्छोम नांवाचें नगर आहे व तेथें त्यानें एक कन्यारत्न पाहिलें. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म. भैरवानंद नांवाचा मांत्रिक तिला योगबळानें तत्काळ दरबारांत आणून उभी करितो, आणि ती बिचारी स्नानाच्या मध्येंच उचलली गेलेली! डोळ्यांतलें काजळ धुऊन गेलेलें, केंस ओले, अंगावर एकहि अलंकार नाहीं. राजा लुब्ध होतो तो याच रूपावर. पुढच्या अंकांत राणी तिला नखशिखांत सजविते, तेव्हां राजा व विदूषक यांच्यांत वाद जुंपतो. विदूषकाचें म्हणणें, जातिवंत रत्नहि सोन्याच्या कोंदणानें खुलतें, मग माणूस कां खुलूं नये? राजा म्हणतो, नटण्यानें भोळे भुलतात. जाणता मूळचें रूप पाहतो, द्राक्षाचा रस साखरेनें गोड करावा लागत नाहीं.

हा वाद राजशेखरानें निकालांत काढला नाहीं, आणि आम्हांस तो त्याचा शहाणपणा वाटतो. मात्र त्या वादांत एक पक्ष सर्वथा गप्प आहे. कर्पूरमंजरीस स्वतःला काय वाटत होतें, हें दोघांपैकीं कोणीहि विचारीत नाहीं. जिन्यावर आम्हींहि विचारलें नव्हतें.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखाच आहे. नागरकाचें मेण व अळता मागें पडले. ओठांस लाली आणण्याचें काम एकट्या विड्याकडे आलें, आणि तेंहि रंगविण्याच्या नांवानें नव्हे, तर भोजनोत्तर रीत म्हणून. सौंदर्याची कल्पना कोठें कोठें दांतांकडे सरकली. लग्न झालेल्या स्त्रिया दांतवण लावून दांत काळे करीत, व तेंच शोभेचें मानीत. अळता पायांवर उतरला. मेण मात्र कपाळावर चढलें: आधीं मेणाचें बोट टेंकावयाचें, मग त्यावर कुंकू, म्हणजे घामानें तें ओघळत नाहीं. वात्स्यायनाची जोडी मोडली नाहीं. फक्त ती ओठांवरून भालप्रदेशीं गेली आणि पुरुषाकडून सर्वस्वीं स्त्रीकडे गेली. तिला त्याबरोबर एक अटहि चिकटली. पति प्रवासास गेला असतां पत्नीनें मंगलापुरते दागिने ठेवून बाकीचे उतरावे, असें वात्स्यायनानेंच सांगून ठेविलें आहे. पत्नी माहेरीं गेली असतां नागरकानें मेणाची गोळी बाजूस ठेवावी, असें मात्र तो कोठें म्हणत नाहीं. आणि पति कायमचा गेला म्हणजे काय होत असे, तें सांगावयास ग्रंथ नको. घरोघरचे करंडे आहेत.

विसाव्या शतकांत ओठांचा रंग परत आला तो विलायती कांडीच्या रूपानें. न दिसणाऱ्या रंगाची हौसहि तेव्हांचीच: १९३० च्या दशकांत अमेरिकेंत टँजी नांवाची एक कांडी फार खपे; ती नळींत नारिंगी दिसे व ओठांवर गुलाबी होई. स्वतंत्र भारतांत टाटांच्या तेलाच्या कंपनीनें १९५२ सालीं लॅक्मे या नांवानें प्रसाधनांचा धंदा काढला. हें नांव दलीब या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ सालच्या संगीतनाटकांतील नायिकेचें, आणि तें मूळ आपल्या 'लक्ष्मी'चें फ्रेंच रूप. असो. लक्ष्मी परदेशीं जाऊन रंग लावून परत आली, आणि आपण तिला परकी म्हणूं लागलों.

पुतणी संक्रांत करून पुण्यास परतली. जातांना आपली नळी ती आजीच्या उशाशीं ठेवून गेली. करंड्यांतलें उरलेलें मेण मातोश्रींनीं परत आंत ठेवूं दिलें नाहीं. तें तिला बांधून दिलें. माघांतहि थंडी बरीच होती, त्यांचे ओठ उलले होते. एके दिवशीं त्या पडवींत उन्हाला बसल्या असतां आम्हांस जवळ बोलावून म्हणाल्या, "तें पोरीचं मलम लावलंय रे. रंग दिसतो का?"

किंचित् दिसत होता. आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें.