फैजपूरचा सामाईक सेव्ह

फैजपुरात पोकेमॉन उलट्या क्रमाने आला. जपानात सातोशी ताजिरी आणि त्यांच्या ‘गेम फ्रीक’ कंपनीने १९९६ च्या फेब्रुवारीत ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन गेम काढले. गेमवरून पुढच्या वर्षी टीव्हीची मालिका निघाली आणि मग ती जगभर गेली. आमच्याकडे २००३ साली आधी मालिका आली, कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून. मग चिप्सच्या पाकिटातले टॅझो, म्हणजे पोकेमॉनच्या चकत्या, आले. मूळ गेम सगळ्यात शेवटी आला, तोही कुठल्या दुकानातून नव्हे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवरच्या पोरांनी सुट्टीवरून परतताना तो सीडीवर आणला.

हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय आमच्या पिढीची या गेमबद्दलची मतं समजायची नाहीत. फैजपूरचा इतिहास म्हटला की १९३६ च्या डिसेंबरातलं काँग्रेसचं अधिवेशन सांगतात. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, नंदलाल बोसांनी सजवलेलं टिळकनगर. तो इतिहास लिहिला गेला आहे आणि नीट लिहिला गेला आहे. बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत दहा-बारा वर्षांची पोरं कशावरून भांडत होती, हे कुणी लिहिलेलं नाही. मी त्या पोरांतला एक आहे, म्हणून लिहितो.

व्हिडिओ गेम आम्हाला नवा नव्हता. टीव्हीला जोडायचा डबा आणि त्यात घालायची पिवळी किंवा काळी कॅसेट घरोघरी होती. काँट्रा, मारिओ, रणगाड्यांचा गेम. या सगळ्यांचं एक होतं: लाईट गेली की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पोकेमॉन हा भूमिका घेऊन खेळायचा गेम. त्यात तुम्ही एका गावातला मुलगा होता, घर सोडून निघता, पोकेमॉन नावाची जनावरं पकडता, वाढवता, आठ जिम, म्हणजे लढाईचे आखाडे, जिंकता. आणि गेम हे सगळं लक्षात ठेवतो. काल जिथे सोडलं तिथून आज पुढे. आम्हाला त्याचं वेड लागलं ते याच एका गोष्टीमुळे.

गेम बॉय नावाचं यंत्र आमच्यापैकी कुणी हातात धरलेलं नव्हतं. जे होते ते कॉम्प्युटर, आणि तेही एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये किंवा कॅफेत, तासाला वीस रुपये. त्यावर ‘व्हिज्युअल बॉय ॲडव्हान्स’ नावाचा छोटा प्रोग्राम टाकला की गेम बॉयचे गेम चालायचे. कुठला गेम कुणापर्यंत पोचणार, हे त्याच्या आकारावर ठरायचं. ‘फायररेड’ हा २००४ चा गेम १६ एमबीचा. तो सीडीवरच यायचा आणि सीडी लिहिणारं यंत्र फार थोड्यांकडे होतं. ‘यलो’ १९९८ चा, जेमतेम १ एमबी. तो १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायचा. म्हणून जुना गेम नव्याच्या मागून आला आणि नव्यापेक्षा लांबवर गेला. सावदा, न्हावी, भालोदची पोरं फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून सायकलवर यायची आणि ‘यलो’ घेऊन जायची. या सगळ्या नकली प्रती होत्या, हेही इथे नोंदवलं पाहिजे. खऱ्या कॅसेट आमच्या भागात कुणी विकत नव्हतं.

फायररेड सुरू केला की पहिल्याच पडद्यावर एक इंग्रजी वाक्य यायचं: 1M सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही. गेम चालायचा, पण सेव्ह व्हायचा नाही. आम्ही सगळे मराठी माध्यमाचे, आणि हे वाक्य तर इंग्रजी माध्यमवाल्यांनाही कळलं नसतं. उपाय होस्टेलच्याच एका दादाने दाखवला: ऑप्शन्समध्ये जाऊन सेव्हचा प्रकार ‘फ्लॅश १२८के’ करायचा. ही माहिती त्या काळी आमच्यात फार मोलाची होती. ज्याला ती ठाऊक, त्याला कॅफेत कुणीही आपल्या शेजारी खुर्ची द्यायचं.

आता मुख्य गोष्ट. या गेममध्ये सेव्ह एकच असतो. कंपनीचा हिशेब साधा: एक यंत्र, एक मूल, एक प्रवास. आमच्याकडे वीस रुपये एकट्याकडे कधीच नसायचे. चौघांनी पाच-पाच काढायचे आणि एका तासाला बसायचं. त्यामुळे एका पोरासाठी बनवलेला प्रवास चौघांचा झाला. डी ड्राइव्हमध्ये आत-आत एक फोल्डर, त्यात आमची सेव्ह फाइल. कॅफेतल्या प्रत्येक टोळीचा असा एक फोल्डर होता.

चौघांचा सेव्ह म्हटल्यावर नियम आले. पाळीपाळीने पंधरा मिनिटं. कुठलाही पोकेमॉन हमखास पकडणारा मास्टर बॉल चौघं हजर असल्याशिवाय टाकायचा नाही. कुणीही पोकेमॉन सोडून द्यायचा नाही, तो कितीही फालतू वाटला तरी. जिमची लढाई ज्याच्या पाळीत येईल त्याने लढायची, बाकीच्यांनी बोलायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. हरला तर शिव्या नाहीत. हे शेवटचं फारसं पाळलं गेलं नाही. नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण दुसऱ्या टोळ्यांचेही जवळजवळ असेच होते. पुढे जळगाव आणि भुसावळची पोरं कॉलेजात भेटली, त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच निघाले. शेतातल्या सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावतात, तशी ही व्यवस्था होती.

आणि लोडशेडिंग. २००५ नंतरची काही वर्षं गावात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. केळीला पाणी द्यायला माणसं रात्री मोटार सुरू करायला उठायची. आम्ही वेळापत्रक बघून कॅफे गाठायचो. लाईट गेली की यूपीएस ओरडायला लागायचा आणि हातात दोन-तीन मिनिटं असायची. त्या आवाजात गेमचा मेनू उघडायचा, सेव्ह करायचं, ‘हो’ म्हणायचं. घाई असेल तर शिफ्ट धरून एफ-१ दाबलं की प्रोग्राम त्या क्षणाचीच नोंद ठेवायचा. यावरूनही दोन पक्ष होते. एक म्हणायचा, शिफ्ट-एफ-१ म्हणजे चोरी. लढाई हरल्यावर मागे जाता येतं, मग हरण्याला अर्थ काय? दुसरा म्हणायचा, जपानात लाईट जात नाही, त्यांचे नियम आपल्याला कशाला? मी पहिल्या पक्षात होतो आणि आजही आहे. पण दुसऱ्या पक्षाचं म्हणणंही खरं होतं.

सुरुवातीला तिघांतला एक पोकेमॉन निवडायचा असतो. टीव्हीमुळे बहुतेकांना चारमँडर हवा होता, कारण मालिकेतल्या ॲशचा चारमँडर वाढून झालेला चारिझार्ड सगळ्यांनी बघितलेला. पण पहिल्या जिमचा ब्रॉक दगडांचे पोकेमॉन घेऊन उभा, आणि दगडापुढे आग चालत नाही. बल्बासॉर घेणारे त्याला दोन फटक्यांत पाडायचे. मग चारमँडरवाल्यांनी तोड शोधली: ब्रॉकच्या आधीच्या गावाबाहेर पश्चिमेच्या वाटेवर मँकी मिळतो, तो पकडून वाढवा, किंवा चारमँडर तेराव्या लेव्हलला नेऊन मेटल क्लॉ ही चाल शिकवा. ‘बल्बासॉरवाला हुशार, चारमँडरवाला मेहनती, भो,’ असं आमच्यात म्हणायचे. असली मतं कुठल्या मासिकातून आलेली नव्हती. चार डोक्यांनी एका पडद्यापुढे बसून ती तयार केली होती.

यलो विरुद्ध फायररेड हा वाद सगळ्यात लांब चालला. यलोत पिकाचू तुमच्या मागे चालतो, रूप बदलायला नकार देतो, मालिकेतले जेसी आणि जेम्स आडवे येतात. म्हणजे सगळं टीव्हीसारखं. ज्यांनी मालिका आधी बघितली त्यांना तोच अस्सल वाटला. खरं तर यलो हाच मालिकेवरून बेतलेला, मुळापासून दुसऱ्या हाताचा. पण आमच्या क्रमाने बघितलं तर मालिका हेच मूळ होतं, आणि त्या नजरेतून यलोवाल्यांचं मत पूर्ण तर्कशुद्ध होतं.

मग ‘एमराल्ड’ आला, पेनड्राइव्ह स्वस्त झाल्यावर. त्याचा होएन्न प्रदेश जपानच्या क्यूशू बेटावर बेतलेला, अर्धा नकाशा समुद्राचा. २०१४ साली त्याच प्रदेशाचा गेम नव्याने निघाला तेव्हा एका मोठ्या अमेरिकी परीक्षणात पाणी फार असल्याची तक्रार होती. ती वाचून मला राग आला. आमच्यापैकी कुणी समुद्र बघितला नव्हता. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि आम्ही कूलरपुढे बसून पाणी ओलांडणारी सर्फची चाल वापरत बेटामागून बेट पालथं घालत होतो. खाली डुबकी मारली की समुद्राचा तळही दिसायचा. ‘पाणी फार’ असं फैजपुरात कुणी कधी म्हटलं नाही.

एक कोडं मात्र वर्षानुवर्षं सुटत नव्हतं. लेव्हल वाढली की बरेच पोकेमॉन रूप बदलतात, पण हाँटरचा गेंगर होईना. साठाव्या लेव्हलपुढे नेला तरी नाही. गेमबरोबर पुस्तिका नव्हती, म्हणून तर्क सुरू झाले: चौघा श्रेष्ठांना हरवल्यावर होतो, मून स्टोनने होतो, मैत्री वाढवल्यावर होतो. खरं कारण असं की ताजिरींनी हा गेम मुळातच देवाणघेवाणीसाठी रचला. दोन गेम बॉय केबलने जोडायचे आणि पोकेमॉन एकमेकांना द्यायचे. हाँटर, कडाब्रा, मॅचोक, ग्रॅव्हलर हे दुसऱ्याच्या हातात गेल्याशिवाय बदलतच नाहीत. आमच्याकडे ना यंत्र, ना केबल.

होस्टेलच्या पोरांनी एकाच कॉम्प्युटरवर दोन खिडक्या जोडणारा प्रोग्राम आणला, तेव्हा मार्ग निघाला. पण समोर दुसरा सेव्ह हवा, म्हणजे दुसरी टोळी. आम्ही हाँटर दिला की गेंगर त्यांच्याकडे होणार. त्यांनी परत दिलाच नाही तर? बोलणी दोन दिवस चालली. शेवटी ठरलं की त्यांनी आधी आपला कडाब्रा आमच्या ताब्यात द्यायचा आणि मग दोन्ही परत. त्यांच्या खिडकीत आमचा हाँटर गेंगर झाला तेव्हा आठही जण उठून उभे होते. तो परत आला. त्यांच्या कडाब्राचा झालेला अलकझामही परत गेला. ताजिरींना जे हवं होतं ते फैजपुरात त्या दिवशी घडलं, आणि मला वाटतं, केबल असलेल्या मुलांपेक्षा आम्हाला त्याची किंमत जास्त कळली.

पुढचं भराभर झालं. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाण्यांबरोबर गेम भरून मिळू लागले. अँड्रॉइडवर ‘माय बॉय’ हा तसाच प्रोग्राम आला आणि दोन फोन ब्लूटूथने जोडून पोकेमॉन देता येऊ लागले. चाहत्यांनीच फायररेड बदलून बनवलेला ‘ॲश ग्रे’ आला, त्यात मालिकेची कथा जशीच्या तशी, आणि यलोवाल्यांना तो आपलाच विजय वाटला. पण प्रत्येकाच्या हातात फोन आला तशी सेव्ह फाइल पुन्हा एकेकाची झाली. २०१६ च्या डिसेंबरात जिओबरोबर ‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे आला. मी तो घेऊन सावद्याच्या रस्त्याने चाललो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि नकाशा मोकळा. तो गेम शहरांसाठी आखलेला आहे. २०२३ मध्ये त्यात हिंदीही आली, पण मोकळा नकाशा तेवढ्याने भरत नाही.

आमच्या चौघांपैकी दोघं पुण्यात, एक सुरतेला, मी इथे केळीत. फोनवर अजून वाद होतो. यलोवाला बदललेला नाही. माझं मत एमराल्डच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण समुद्र नव्हे. कथा संपल्यावर त्यात बॅटल फ्रंटियर उघडतं, सात जागा, प्रत्येकीचे नियम वेगळे. त्यातल्या बॅटल फॅक्टरीत आपले पोकेमॉन बाहेर ठेवून आत जावं लागतं. समोर ठेवलेल्या सहांतून तीन भाड्याने घ्यायचे आणि त्यांच्यावर लढायचं. चीट कोडने रेअर कँडी खाऊ घालून शंभराव्या लेव्हलला नेलेला रेक्वेझा तिथे कामाला येत नाही. चौघांनी मिळून कोणते तीन घ्यायचे हे ठरवायला आम्हाला लढाईपेक्षा जास्त वेळ लागायचा.