कुत्र्यांवरील गोचीड

रक्तशोषक, अष्टपाद बाह्यपरजीवी. नांदेड-लातूर भागात कुत्र्यांवर मुख्यतः तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) आढळतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली करडी मादी अंगावरून उतरते आणि दगडी भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या सांदीत हजाराहून अधिक अंडी घालते. म्हणून नुसता कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. त्याची बसायची जागाही साफ करून भेगा लिंपाव्या लागतात.

कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, काख आणि जांघ बोटांनी चाचपावी. आखूड केसांच्या कारवान जातीच्या कुत्र्यावर गोचीड चटकन हाताला लागतो; पश्मी जातीच्या कुत्र्याच्या कानांवरील लांब केस मात्र विंचरून पाहावेत. माळेगावच्या (ता. लोहा) खंडोबा यात्रेसारख्या जनावरांच्या गर्दीतून परतल्यावर ही तपासणी टाळू नये.

चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. पिळू नये, बोटांनी चिरडू नये. रॉकेल किंवा जळती काडी लावणे हा क्रूर आणि निरुपयोगी उपाय आहे. गुरांचे फवारणीचे औषध अंदाजाने चोळणे त्याहून घातक, कारण कुत्रा अंग चाटतो. वजनानुसार फिप्रोनिलचे थेंब किंवा फ्लुरालेनरची गोळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. फ्लुरालेनरचा परिणाम सुमारे 12 आठवडे टिकतो.

गोचिडांमुळे एर्लिकियोसिस व बबेसिओसिस हे आजार होतात. ताप, खाणे सुटणे, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद लाल लघवी दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उदगीर (जि. लातूर) येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.