बद्रुद्दीन तय्यबजी : घर आणि शाळा

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १८४४ मध्ये मुंबईत झाला. वडील तय्यब अली हे मूळ खंभातचे व्यापारी. इंग्रजी शिक्षणाविषयी समाजात साशंकता असतानाही त्यांनी मुलांना युरोपात शिकावयास पाठविले. मदरसा, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि पुढे लंडन अशा वाटेने बद्रुद्दीन १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. १८८७ मध्ये मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. हे यश केवळ बुद्धीचे म्हणता येत नाही. त्यामागे पित्याचा पैसा आणि त्याहून अधिक त्यांची दूरदृष्टी होती. असा पिता सर्वांच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच १८७४ मध्ये बद्रुद्दीन यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामचे मोल मोठे आहे. ज्यांना घरातून असे पाठबळ नव्हते, त्या मुलांनाही तिच्यामुळे शिक्षणाचे दार उघडले.